श्रावणातलं संत्रं

केशवराव : ...म्हणून सांगतो गंगूबाई, ज्याला अस्सल लिहायचं आहे त्याने दुसऱ्याचं वाचू नये. शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात तीन वर्षं मी हे व्रत पाळलं. गुप्तहेराची एकही कादंबरी हाती धरली नाही. उद्याच्या टपालाने माझी कादंबरी अकोल्याच्या प्रकाशकाकडे जाते आहे. अशी दुसरी साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नाही.

गंगूबाई : बरं जी मास्तर. बोरं बांधू का संत्री?

केशवराव : बोरं बांधा, पण ऐका. पहिला मान तुमचा. अमरावतीतले माझे सारे वकील-मास्तर मित्र वाचून वाचून नासलेत. मला कोरं मन हवं, म्हणून थेट तुमच्या फळांच्या दुकानात आलो. तर, श्रावण महिना. अंजनगावचे म्हातारे देशमुख आपल्या खोलीत मरून पडलेत. दाराला आतून कडी...

गंगूबाई : पलंगाखाली भुयार हाय.

केशवराव : काय?

गंगूबाई : फरशी उचलली का भुयार. अन् खुनी त्यायचा जुळा भाऊ. काशीले मेला म्हणून सांगतलं असन.

केशवराव : माझं हस्तलिखित कोणी दाखवलं तुम्हांला?

गंगूबाई : कोन दाखवते! पुड्या बांधाले रद्दीतले पुस्तकं घेतो ना आमी. बापानं चौथीपर्यंत शिकवलं, तं फाडाच्या आधी वाचून घेते. भुयाराची हे एकोणिसावी. जुळा भाऊ जरा कमी येते.

केशवराव : पण मी तर एकही वाचली नाही!

गंगूबाई : म्हणून तं! वाचल्या असत्या तं भुयाराच्या वाटंले गेले नसते. न वाचणाऱ्याले पयले भुयारच सुचते.

केशवराव : तुम्ही शेवटचं पान आधी बघत असाल.

गंगूबाई : शेवटचं पान कुठचं जी? रद्दीत येयाच्या आधीच ते कोनाच्या तरी मिरच्यायसंगं गेलेलं असते. खुनी मलेच शोधा लागते. सत्तरेक शोधले आजवर. वाचा पुढं.

केशवराव : आता काय वाचू? बरं. 'फौजदाराने पुतण्या देवीदासास विचारले, खुनाच्या वेळी कुठे होतास? निर्भय नजरेने तो उत्तरला, मोर्शीस, आमच्या बागेत पिकलेली संत्री तोडत होतो.' देवीदास नायक आहे. स्वभावाने थोडा माझ्यावर गेला आहे.

गंगूबाई : श्रावणात?

केशवराव : श्रावणात. पुढे पावसाचं दीड पान वर्णन आहे.

गंगूबाई : मास्तर, श्रावणात झाडावर संत्रं असते लिंबाएवढं, हिरवंगार. पिकलेलं कुठून तोडलं त्यानं?

केशवराव : अरे देवा. खोडतो. पेरू करतो.

गंगूबाई : हात नोका लावू! सत्तरात एकाच्याही ध्यानात आलं नाही हे. पोट्टा खोटं बोलून राहिला. फौजदार परमुलखातला, त्याले काय समजते? पन बाजारातली एखादी बाई आयकते अन् हासते. झालं, सापडला! भुयार नोको अन् जुळा भाऊ नोको.

केशवराव : अहो, पण शेवटच्या प्रकरणात त्याचं लग्न आहे!

गंगूबाई : फाशी द्या.

केशवराव : तो माझ्यावर गेला आहे, गंगूबाई!

गंगूबाई : मंग जन्मठेप द्या.

केशवराव : म्हणजे उद्याचं टपाल चुकलं. शंभर पानं नव्याने लिहायची. आणि त्यात अस्सल काय, तर माझी चूक!

गंगूबाई : तेवढीच तं तुमची हाय मास्तर. बाकी सारं मी वाचेल हाय. अन् छापलं का मले शेवटच्या पानासकट आनून द्या. एकदा तरी पाहू द्या कसं असते ते.

(चार महिन्यांनी. तेच दुकान. केशवरावांच्या हातात कागदात गुंडाळलेलं पुस्तक.)

केशवराव : घ्या. भुयार नाही, जुळा भाऊ नाही. देवीदास अंदमानात. बाजारातली बाई आहे, आणि शेवटचं पान जागच्या जागी आहे.

गंगूबाई : मंग तोंड काहून उतरलं?

केशवराव : कागद सोडा. मुखपृष्ठ बघा.

गंगूबाई : अवं माय! हे तं भुयार हाय. अन् तोंडाशी दोन म्हातारे, एकासारखा एक.

केशवराव : अकोल्याला पत्र टाकून विचारलं. छापखान्यात गुप्तहेराच्या साऱ्या कादंबऱ्यांना मिळून चित्राचा ठसा एकच आहे.