दुसरी नळी

चांगदेव : ह्या चहाला चव न्हाई.

करुणा : काल तरी कुठं होती, आबा? फिल्टर मशीनच्या पाण्याचा चहा फिक्काच लागतो. सारी बौद्धवस्ती पितीय आन् गप बसतीय.

चांगदेव : मला बोरच्या पाण्याचा कर.

करुणा : दौंडचा डॉक्टर काय म्हणाला? परत खारं पाणी प्यालात, तर हाय ती किडनीबी जाईल. मग चव घेऊन बसा.

चांगदेव : बसतो.

करुणा : अहो, मशीन तुम्ही चालवता, वडील तुमचे. समजवा की.

सुमित : मला टाकी भरायला जायचंय. आबा, प्या ना. सारं गाव कॅन घेऊन लायनीत उभं ऱ्हातंय.

चांगदेव : माझी भन येती का लायनीत?

सुमित : अनसाआत्या लांब ऱ्हाती, पार ओढ्याकडंला.

चांगदेव : लांब? दिसातनं दोनदा यायची, माझ्याशी भांडायला. दिवाळीपासनं पाय न्हाई तिचा हितं.

करुणा : मेथी करपलीय त्यांची, म्हणून तोंड पाडून बसल्या असतील. ऊनच तसं हाय.

चांगदेव : ऊन तिच्याच वाफ्यात पडतंय व्हय? वरच्या अंगाला आपली मेथी हिरवीगार हाय.

सुमित : विषय पाण्याचा चाललाय, आबा.

चांगदेव : मी पाण्याचंच बोलतोय.

करुणा : आन् अहो, तुम्ही सारखी चप्पल काय घालताय न् काढताय? जावा तरी, न्हाईतर बसा तरी.

चांगदेव : सुमित, दोन हंडं बोरचं पाणी मशीनमधी घातलं, तर गोडं किती निघतंय?

सुमित : एक हंडा.

चांगदेव : आन् दुसरा?

सुमित : ते रिजेक्ट पाणी. दुसऱ्या नळीनं भाईर सोडायचं. प्रोसेसच तशी हाय.

चांगदेव : भाईर म्हंजी कुठं?

सुमित : ओढ्यात.

करुणा : चहा निवला तुमचा. दुसरा टाकते.

चांगदेव : टाकू नको.

सुमित : कंपनीच्या सायबाला मी बोललोय, नळी लांब न्या म्हणून. बघू म्हणाला. लई ताणलं तर मशीनच उचलून नेतील. मग तुम्ही काय प्यायचं, आबा?

चांगदेव : तिच्या हिरीचं पाणी चाखलंस का तू?

(सुमित दारातच खाली बसतो.)

करुणा : मी चाखलं. म्हसरं तोंड लावीनात म्हणून आत्यांनीच तांब्या दिला हातात. आपल्या पाण्यातलं मीठ काढून आपण त्यांच्या हिरीत घालतोय, आबा.