मंगळवारचा जोगवा

तुळजाबाई : खुंटीवरची परडी कुठं हाय, तेवढंच सांगा. बाकीचं भाषण मागून करा.

बलभीम : तू प्रथम आसन ग्रहण कर. सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत भ्रमण करीत आहेस. गाडी दुपारी येणार. प्रवासास निघताना चित्त स्थिर असावे.

तुळजाबाई : बसू कशावर? खुर्च्या तुमीच वाटल्या की गल्लीत. परडी कुठं हाय?

बलभीम : सुरक्षित स्थळी आहे.

तुळजाबाई : एसटी स्टँडावर माईकमधी बोलल्यागत बोलू नका. रिटायर होऊन लई दिस झाले तुमाला. बॅगंत घातली व्हय?

बलभीम : नाही. तुझ्या धाकट्या जावेकडे, राजेश्वरीकडे सुपूर्द केली. काल सायंकाळी, तू येडाईच्या दर्शनास गेली असताना.

तुळजाबाई : मला न इचारता?

बलभीम : विचारले असते तर तू दिली असतीस काय? आणि ती खुंटीवर असती, तर तू हा उंबरा ओलांडला असतास काय? कॅनडात मंगळवार-शुक्रवारी पाच दारे तू कशी फिरणार? तेथील गृहस्थ दार उघडून विचारेल, बाई, आपण कोण?

तुळजाबाई : सांगन, येडाईची हाय, जोगवा वाढा. पीठ नसंल तर पाव वाढा.

बलभीम : हा विनोदाचा प्रसंग नव्हे.

तुळजाबाई : म्या कुठं हसले? तुमच्या आईनं अंथरुणात उठून बसून माझ्या गळ्यात कवड्यांची माळ घातली. परडी भरली आन मग माझ्या हातात दिली. अशीच चालती ती. जिची हाय तिनंच भरून द्यायची. तुमी पिशवीत घालून दिली असंल, भाजी दिल्यागत.

बलभीम : पिशवी स्वच्छ होती.

तुळजाबाई : मी न्हाय येत. तुमी जावा.

बलभीम : अगं, घर विकून झाले. उद्या नवीन मालक येथे चूल मांडतील. गतवर्षी तू न्हाणीत पडलीस, तेव्हापासून तुझ्या पुत्रास, योगीराजास, तिकडे अन्न गोड लागत नाही. सूनबाई निकिताने आपल्याकरिता खोली रंगवून घेतली आहे.

तुळजाबाई : गुणाची हाय पोरगी. पर खोली तिची. मंगळवार उजाडला की हितली पाच दारं माझी वाट बघतात. तिथं कोन बघंल?

(राजेश्वरी परडीवर पदर झाकून दारात येऊन उभी राहते.)

राजेश्वरी : आक्का, येऊ का आत?

तुळजाबाई : ये. पिशवी कुठाय?

राजेश्वरी : काढून टाकली. देवापुढं ठेवली होती रातभर. मला झोप न्हाय. आज मंगळवार. मागायला निघावं, तर तुम्ही दिलेली न्हाय. न निघावं, तर परडी उपाशी.

तुळजाबाई : तुला पायजे का पर? जल्माचं हाय हे. पावसात निघावं लागतं. योगीराजाच्या लग्नात हळदीच्या हातानं मागितलंय म्या.

राजेश्वरी : तुम्ही दिली तर घेते. भाऊजींनी दिली तर न्हाय.

बलभीम : माझे चुकले, असे म्हणावयाचे आहे काय दोघींना?

तुळजाबाई : म्हणून झालंय. आता भरू कशानं? डबे सगळे पालथे. चिमूटभर पीठ न्हाय घरात.

बलभीम : मोठ्या बॅगेत ज्वारीचे पीठ आहे. निकिताकरिता घेतलेले.

तुळजाबाई : ती तर काट्यावर तोलून सुतळीनं आवळलीय तुमी. कुणाला हात लावू दिला न्हाय.

राजेश्वरी : राहू द्या, भाऊजी. मी घरनं आणते वाटीभर.

तुळजाबाई : न्हाय. ह्याच घरचं पायजे.

बलभीम : गाठ सुटत नाही. कापतो. वजनाचे पुढे पाहू.

तुळजाबाई : राजेश्वरी, वाक. माळ घालते. आता हे पीठ, ही हळद-कुंकवाची पुडी. झाली भरून. घे. भायेर जा आन दारात उभी राहून माग.

राजेश्वरी : तुमच्याच दारात, आक्का?

तुळजाबाई : पयलं दार हेच. दुपारपत्तर हाय अजून आपलं.

राजेश्वरी : जोगवा वाढा, बाई. येडाईचा जोगवा.

तुळजाबाई : अवं, वाढा की. पीठ तुमच्याच हातात हाय.

बलभीम : मी? पुरुषाने वाढण्याचा आपल्याकडे प्रघात...

तुळजाबाई : मी मागत आले आजवर. मला वाढायचं ठावं न्हाय. वाढा.

राजेश्वरी : पडलं परडीत. भाऊजी, उदो म्हणा.

बलभीम : म्हनतो. थांब जरा, बाई. म्हनतो की.