दोन संगिता, एक खातं

डहाणूहून तलासरीला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक मुलगी आणि तिची मावशी बसल्या होत्या.

“निलम, तू ऑफिसात करतेस तरी काय गं?”

“आमच्या दवाखान्यांतल्या नर्सची कॉम्प्युटरवरची खाती एका वेबसाइटवरून सांभाळते. ती मीच बनवलीय, मावशी. पण परवा तिनेच घोळ घातला.”

“कसला?”

“एक संगिता धोडी मसोलीत आहे, दुसरी तलासरीत. वेबसाइट दोघींना एकच समजत होती. एकीने पासवर्ड बदलला की दुसरीचं खातं बंद. मसोलीत बाळ तापाने फणफणलेलं, आणि संगिताला त्याच्या रक्ताचा रिपोर्टच उघडेना.”

“अगं बाई! मग?”

“वेबसाइटला नावाऐवजी कर्मचारी नंबरावरून ओळखायला लावलं. दोघींना एकाच कॉलवर घेतलं आणि म्हटलं, आता एकदम उघडा.”

“उघडलं?”

“दोघी एकदमच ‘उघडलं’ म्हणाल्या. आवाजसुद्धा सारखा! अंगावर काटा आला माझ्या.”

“आणि बाळ?”

“रिपोर्ट बघून डॉक्टरांनी लगेच औषध दिलं. आता खेळतंय.”

“म्हणजे तू डहाणूत बसून एवढं सगळं केलंस?”

“हो ना. मी फोन ठेवायला गेले, तर मसोलीची म्हणाली, ‘थांबा मॅडम, हिचं माहेर कुठलं ते विचारू द्या.’”