दुमयातहून आलेला फोन

(इजिप्तमधलं तांता शहर. भर दुपार. शौकत आणि त्याची बायको इनायत स्वयंपाकघरात मुलुखियाची भाजी निवडत बसलेत.)

इनायत : बरं, मग पुढे काय म्हणालात त्याला?

शौकत : पुढे काय! बोलूच दिलं नाही. "सलाम, मी दुमयातहून बोलतोय," म्हणाला. दुमयातचा माणूस म्हणजे फर्निचरवाला, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हटलं, आमच्याकडे पलंग आहे, कपाट आहे, खुर्च्या आहेत. तुमचं काही नको.

इनायत : इतकं तोडून कशाला बोलायचं?

शौकत : सकाळपासून रांग लागलीय नुसती. आधी समुद्रकाठच्या बंगल्यावाली, मग पाणी गाळायच्या यंत्रवाला, मग ती कर्जवाली. "अभिनंदन!" म्हणून सुरुवात करते मेली. ठरवलंच होतं, आता जो येईल त्याला सोलून काढायचं. पण हा चिवट निघाला हं. आवाज एकदम मधाळ. म्हणे, "आपल्या घराण्याबद्दल फार चांगलं ऐकलंय."

इनायत : घराण्याबद्दल?

शौकत : मी विचारलं, माझा नंबर कुणी दिला? तर म्हणे, "मुलानं दिला." असेल ऑफिसातलं एखादं पोर. वर म्हणतो कसा, "नातं जोडायची इच्छा आहे." हे सगळे असंच बोलतात. ती बंगल्यावाली तर रोज म्हणते, आमच्या कुटुंबात या.

इनायत : अहो, ती भाजी खाली ठेवा.

शौकत : का?

इनायत : ठेवा म्हणते ना. नाव काय सांगितलं त्यानं?

शौकत : रिफअत का काहीतरी.

इनायत : या अल्ला! अहो, ते हाझिमचे वडील! नर्मीनला मागणी घालायला फोन करणार होते. काल नाश्त्याला सांगितलं होतं मी तुम्हाला.

शौकत : मला? कुणी नाही सांगितलं.

इनायत : सांगितलं. तुम्ही फोनवर होतात. मान हलवलीत.

शौकत : त्या कर्जवालीसाठी हलवली होती.

इनायत : फोनवर मान हलवून तिला काय दिसणार होतं, कपाळ? आता खरं सांगा, शेवटी काय बोललात त्यांना?

शौकत : शेवटी... म्हटलं, "तुमचा माल फुकट दिलात तरी माझ्या पायरीवर ठेवणार नाही."

इनायत : माल! इतका सरळ पोरगा, आणि तुम्ही त्याला माल म्हणालात?

शौकत : आणि म्हटलं, "तुमचं लाकूड ओलं असतं, वर्षभरात वाकतं."

इनायत : अजून?

शौकत : अजून काही नाही. नंबर ब्लॉक केला.

नर्मीन : वाळवी राहिली, बाबा.

शौकत : नर्मीन! तू कधी आलीस?

नर्मीन : आत्ताच. औषधांच्या दुकानाला कुलूप लावून आले. हाझिमचा फोन आला होता. त्याचे वडील म्हणताहेत, नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणावं, आमच्या पोराला वाळवी लागलीय असं कशाला म्हणायचं?

शौकत : अगं बेटा, मला वाटलं...

नर्मीन : तुम्हाला काय वाटलं ते जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

इनायत : डोळे लाल झालेत तुझे.

नर्मीन : धूळ आहे बाहेर. आई, किती दिवस मी त्याला थांबवून ठेवलं! बाबांचं ऑपरेशन होऊ दे, बाबा हिंडूफिरू लागू देत. आता कुठे त्यानं वडिलांना तयार केलं होतं. ते म्हणत होते, मुलगी दुमयातचीच बघू. मोठ्या मिनतवारीनं त्यांनी फोन हातात घेतला.

शौकत : आण, मी लावतो. माफी मागतो. मागायलाच पाहिजे.

नर्मीन : आधी ब्लॉक काढायला हवा. दाखवा. बाबा! यात हमदी काका आहेत!

शौकत : तो सारखा विम्याचं बोलतो.

नर्मीन : आणि हा तुमचा दवाखाना.

शौकत : "तपासणीला या, तपासणीला या." त्यांचाही धंदाच तो.

नर्मीन : आणि ही... ही तर आई आहे.

इनायत : मी? म्हणून परवा बहिणीकडून फोन करकरून माझं बोट झिजलं!

शौकत : चुकून लागलं असेल. बोटं जाड आहेत माझी.

नर्मीन : झालं, काढला ब्लॉक. लावलाय. नाही, कट करताहेत. तुमचा फोन ते आता उचलायचे नाहीत. आई, तुझा दे. स्पीकरवर ठेवते.

रिफअत : नको!

इनायत : सलाम अलैकुम, मी...

रिफअत : बाई, बंगला नको, कार्ड नको, कर्ज नको! समुद्र माझ्या गावातच आहे, फुकट बघतो मी!

इनायत : हाजीसाहेब, ऐकून तर घ्या...

रिफअत : मुद्दाम गोड आवाजाच्या बायका बसवतात फोनवर! भरल्या घरातल्या बायकांना शोभतं का हे?

इनायत : अहो, मी काही विकायला नाही बसले! मुलगी द्यायला बसलेय!

रिफअत : काय द्यायला?

नर्मीन : काका, मी नर्मीन. ही माझी आई बोलतेय. तांत्याहून.

रिफअत : या अल्ला... वहिनी, माफ करा. सकाळपासून या लोकांनी डोकं उठवलंय.

शौकत : रिफअत साहेब, मी शौकत.

रिफअत : तुमच्याशी मी बोलत नाही.

शौकत : बोलू नका, नुसतं ऐका. मी तुम्हाला पलंगवाला समजलो.

रिफअत : पलंगवाला! माझं मिठाईचं दुकान आहे हो. उभ्या जन्मात एक खिळा ठोकला नाही मी.

शौकत : मग तसं सांगायचं आधी.

रिफअत : कधी सांगायचं? मध्ये श्वास तरी घेतलात का तुम्ही?

शौकत : नाही घेतला. चूक माझीच. घरचं कुणी ऐकत नसतं तरी हेच म्हणालो असतो. मुलाला मी पाहिलेलंही नाही, आणि नको नको ते बोललो.

नर्मीन : पाहिलंय तुम्ही त्याला.

शौकत : कधी?

नर्मीन : तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा तो इथेच नोकरीला होता. औषधं घेऊन यायचा.

शौकत : तो उंच पोरगा? दारातूनच परत जायचा तो? मला वाटलं, तुझ्या दुकानातला नोकर. अगं, मी बक्षिसी दिली होती त्याला!

नर्मीन : ती अजून खर्च नाही केली त्यानं.

रिफअत : हे मला नाही बोलला कधी.

इनायत : आम्हाला तरी कुठे कोण काय सांगतं, भाऊ?

रिफअत : शौकत साहेब, ओलं लाकूड मी गिळलं असतं एक वेळ. वाळवी मात्र जिव्हारी लागली.

शौकत : लागणारच. परत घेतली.

रिफअत : तुम्हाला एकट्याला काय बोलू? परवा मीही एकाला असाच फाडून खाल्ला. आमच्या मशिदीचे इमाम निघाले. आता नमाजाला शेवटच्या रांगेत उभा राहतो, खांबाआड.

नर्मीन : काका, या लोकांशी भांडायचंच नाही. भांडलं की त्यांना कळतं, इथे माणूस उचलतो. एक शब्द न बोलता कट करायचं आणि ब्लॉक करायचं. आणि दुकानात कुणी नंबर मागितला तर द्यायचा नाही. बाबांनी त्या मोटारीच्या सोडतीत दिला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

रिफअत : लाल मोटार?

शौकत : लाल.

रिफअत : मीही दिला होता.

शौकत : तुम्हाला तरी लागली का?

रिफअत : लागली असती तर आत्ता तुमच्या दारात हॉर्न वाजवला असता!

शौकत : मोटार नसली तरी या. शुक्रवारी, नमाज झाल्यावर. हाझिमला घेऊन.

रिफअत : येतो. वहिनी, दुकानातली ताजी मशब्बक घेऊन येतो. गोड खायला मनाई तर नाही ना कुणाला?

इनायत : यांना आहे. तरी आणा.

नर्मीन : ठेवला त्यांनी. हसत होते ना शेवटी?

इनायत : हसत होते, बाई. जा, तोंड धुऊन ये.

नर्मीन : जाते. बाबा, आधी तुमचा फोन आणा इकडे. एक सोय आहे यात. हे सुरू केलं की ओळखीचेच नंबर वाजतील. बाकीचे आले कधी, गेले कधी, पत्ताही लागणार नाही.

इनायत : कर गं कर. घरात जरा शांतता येऊ दे.

शौकत : थांब. लग्नानंतर तू दुमयातलाच राहणार ना?

नर्मीन : हाझिम तिथे आहे म्हटल्यावर तिथेच.

शौकत : आणि तिथे तुझा फोन बंद पडला, आणि शेजारणीच्या फोनवरून केलास, तर?

नर्मीन : तर वाजणार नाही.

शौकत : मग राहू दे.

इनायत : अहो, आणि ती कर्जवाली?

शौकत : येऊ दे तिचा. आधी विचारीन, कोण बोलतंय बेटा?