लांबची की जवळची?

नर्सनं थेंब घालून डोळे उघडू नका असं बजावल्यामुळे सुतारकाका बाकावर डोळे मिटून बसले होते. कान काही मिटता येत नव्हते. शेजारीच मायलेकांची जुंपली होती.

"मोतीबिंदू निघाला, लख्ख दिसायला लागलं, तरी तुझी कुरकुर!"

"लांबचं दिसतं. सुईचं नाक दिसतं का मला? काल गुंडी लावताना बोट टोचून घेतलं."

"मग तेवढ्यापुरता चष्मा लाव की!"

"तो सुटावा म्हणून तर आले होते. डॉक्टरांनी मला विचारलं, लेन्स लांबची बसवू की जवळची? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, लांबची."

"आई, या वयात कुठे शिवत बसणार आहेस? मशीन बंद करायचं आमचं सगळ्यांचं ठरलंय."

"मला बोलावलं होतं का ठरवताना?"

"तुझ्याच भल्यासाठी…"

"माझं भलं त्या मशीननं केलं. तुझंही त्याच मशीननं केलं. पण एक बरं झालं. आता लांबचं इतकं स्वच्छ दिसतं, की तू येताना कोपऱ्यावर दिसलास की मला दार लावून घेता येईल."

"आजी, दुसऱ्या डोळ्यासाठी डॉक्टर बोलावतायत," नर्सनं हाक मारली.

"तू कुठे उठलास? खाली बस! या डोळ्याचं मी सांगणार."

चपला फटफट वाजवत आजी आत गेली. सुतारकाकांच्या हातावर त्यांच्या मुलीनं हात ठेवला.

"बाबा, तुम्ही काळजी करू नका. मी डॉक्टरांशी बोलून ठेवलंय."

काकांनी खाडकन डोळे उघडले.

"काय बोलून ठेवलंयस?"