जयदीपचा अंगठा

वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात मी एक्स-रेसाठी थांबले होते. शेजारी एक मराठी जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला होता.

“आपोआप भरणारी रायफल हाताने भरायची करून घेतलीस? मुद्दाम?”

“अगं अनुया, सेमी-ऑटोमॅटिकचं लायसन्स मिळणं इथे कठीण. म्हणून गनस्मिथकडून बदलून घेतली. आता प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा. दिसायला मात्र तश्शीच आहे.”

“म्हणजे रुबाब फौजेचा आणि काम हातपंपाचं.”

“शूटिंग क्लबात सगळे बघत होते माझ्याकडे.”

“बोल्टमध्ये अंगठा अडकल्यावर?”

“त्याच्या आधी!”

“आधी किती गोळ्या मारल्यास?”

“एक.”

“लागली?”

“शेजारच्याच्या टार्गेटला.”

“ग्रँड! आता तुझ्या आईंना काय सांगायचं? घरात बंदूक आहे हे कळलं, तर त्या उद्याच नागपूरला परत निघतील.”

“सांगू की किचनमध्ये कप ठेवतो ना, त्या प्रेसचं दार अंगठ्यावर आपटलं.”

“जयदीप, त्या उन्हाळाभर आपल्याकडे आहेत. तुला किचनमध्ये त्यांनी कधी पाहिलंय?”