पश्चिमेच्या खिडक्या

धुळे-जळगाव बसमध्ये हेमलताने मांडीवरच्या दोन वर्षांच्या लेकीवर उन्हाच्या बाजूने पदर धरला होता. पुढच्या सीटवर एक आर्किटेक्ट मुलगी आणि तिचे केळीबागायतदार आबा नकाशा उलगडून बसले होते.

“आबा, सायकल शर्यतीचा बंदिस्त हॉल आहे. आतल्या लाकडी ट्रॅकवर मुली बाराही महिने सराव करतील, एसीशिवाय. आज समितीला पटलं नाही, तर काम हातचं गेलं.”

“आनि वारा?”

“या मोठ्या खिडक्यांतून.”

“बठ्ठ्या पश्चिमले?”

“हो, सगळ्या. वारा तिकडूनच येतो ना!”

“मे महिनामा तिकडथीन झळा येतस, बाई! आपली केळीले त्या बाजूले शेवरीना झाडं कसाले लावतस? पुनाले शिकीसन इसरनी?”

“पानं करपू नयेत म्हणून...”

“केळीले आडोसा, आनि पोरीसले झळा?”

“थांबा. खिडक्या उत्तर-दक्षिण घेते, छताला गरम हवेसाठी झरोके. पश्चिमेला नुसती भिंत आणि तिच्याबाहेर शेवरीच्या दोन रांगा.”

“आते कसं!”

“समितीने विचारलं, हे कुठे शिकलात, तर?”

“सांग, बापना वावरमा.”

हेमलताला राहवलं नाही. ती पुढे वाकली.

“ताई, तिथे किती वर्षांच्या मुलींना घेणार?”